जोडण्या बदलता येणारी चिप: आधी तारांचा हिशोब करा

पुसदकडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: "बनून आल्यावरही आतल्या जोडण्या बदलता येतील अशी चिप मला प्रोजेक्टसाठी डिझाइन करायची आहे. ६४ लॉजिक ब्लॉक घेतले आहेत आणि कोणत्याही ब्लॉकचं आउटपुट कोणत्याही ब्लॉकच्या इनपुटला जोडता येईल अशी रचना काढली आहे. पुढे हीच रचना हजार ब्लॉकपर्यंत न्यायची आहे. त्यावर कृषिपंपाच्या तीन फेजवर लक्ष ठेवणारं सर्किट चालवून दाखवायचं आहे. गाइड सर म्हणतात, आपल्याकडे सॉफ्टवेअरची लायसन्स नाहीत, हे आपल्या कॉलेजात होणार नाही. खरंच होणार नाही का? आणि होणार असेल तर सुरुवात कुठून करू?"

होईल. पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, ते आधी वेगळे करू. लायसन्सचा प्रश्न सोपा आहे, त्याकडे शेवटी येतो. अवघड प्रश्न तुम्ही "कोणतंही आउटपुट कोणत्याही इनपुटला" या एका ओळीत उरकला आहे, आणि अशा चिपमध्ये खरं डिझाइन तिथेच असतं. मी बरीच वर्षं याच प्रकारच्या चिपवर काम करतो आहे, सध्या वर्धा जिल्ह्यातल्या गावी राहून. नवीन माणूस या क्षेत्रात आला की तो लॉजिक ब्लॉक रंगवण्यात महिना घालवतो आणि ब्लॉकच्या मधल्या तारांना उरलेला आठवडा देतो. हे प्रमाण उलटं हवं.

ते का, हे प्रत्यक्ष चिपवर बघा. बनून आल्यावरही जोडण्या बदलता येतात अशा चिपला एफपीजीए म्हणतात. लॅटिस कंपनीची आइस४० नावाची छोटी एफपीजीए आहे. तिच्या बिटस्ट्रीमची, म्हणजे चिपमध्ये भरायच्या कॉन्फिगरेशन बिटांची, रचना प्रोजेक्ट आइसस्टॉर्म या प्रकल्पाच्या मंडळींनी उलगडून सगळ्यांसाठी खुली केली आहे. तिच्या एका लॉजिक टाइलमध्ये (चिपवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या चौकोनात) चार इनपुटची आठ लुकअप टेबलं असतात, म्हणजे सत्यसारणी साठवून तिच्यावरून उत्तर देणारे छोटे तक्ते. त्या सत्यसारण्या साठवायला ८ गुणिले १६, एकूण १२८ बिट लागतात. फ्लिपफ्लॉप, कॅरी वगैरेंसाठी आणखी ३२ धरा. पण त्या टाइलचे कॉन्फिगरेशन बिट आहेत ८६४. उरलेले सातशेच्या वर बिट जवळजवळ सगळे "कोणती तार कुठे जोडायची" एवढंच सांगण्यासाठी खर्च होतात. विकत घेताना आपण लॉजिक मोजतो, पण सिलिकॉनचे पैसे जातात ते तारांना आणि स्विचांना.

आता तुमची रचना घेऊ. चार इनपुटचे ६४ ब्लॉक म्हणजे २५६ इनपुट. प्रत्येक इनपुटला ६४ आउटपुटांपैकी एक निवडायचं, म्हणजे १६,३८४ जोडबिंदू. ब्लॉक १,०२४ केले की ४,०९६ इनपुट गुणिले १,०२४ आउटपुट, सुमारे ४२ लाख जोडबिंदू. ब्लॉक १६ पट वाढले, जोडबिंदू २५६ पट.

पण म्हणून हे होणारच नाही, असं नाही. ६४ ब्लॉकपुरती तुमची रचना मुळीच वेडगळ नाही. हिशोब करून बघा. स्कायवॉटर या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या १३० नॅनोमीटरच्या खुल्या सेल लायब्ररीत चार-इनपुट मल्टिप्लेक्सरला (चारातून एक सिग्नल निवडणाऱ्या सेलला) साधारण २२.५ चौरस मायक्रोमीटर जागा लागते आणि एका लॅचला (एक बिट साठवणाऱ्या सेलला) साधारण १५. ६४ मधून एक निवडायला असे २१ मल्टिप्लेक्सर आणि ६ लॅच. २५६ इनपुटांसाठी सगळं मिळून सुमारे १ लाख ४४ हजार चौरस मायक्रोमीटर, म्हणजे एक चौरस मिलिमीटरचा सातवा भाग. एवढं परवडतं. हेच १,०२४ ब्लॉकला करायला गेलात तर नुसत्या मल्टिप्लेक्सरचं क्षेत्रफळ ३१ चौरस मिलिमीटर भरतं, तारा सोडून. शिवाय प्रत्येक आउटपुटवर ४,०९६ इनपुटांचा भार येतो. ती तार चिपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, आणि शेजारच्या ब्लॉकला निरोप द्यायचा असला तरी तो सगळा भार चार्ज करावाच लागतो. वेग तिथेच मरतो.

कोणतंही आउटपुट कोणत्याही इनपुटला जोडणाऱ्या तुमच्या रचनेला क्रॉसबार म्हणतात. तो टाकून देऊ नका, त्याची जागा बदला. आठ-दहा लुकअप टेबलांचा एक गट करायचा, गटाच्या आत तुमचा क्रॉसबार ठेवायचा आणि गटागटांमध्ये वेगळी व्यवस्था करायची. व्यावसायिक एफपीजीए कमीअधिक फरकाने असेच बांधलेले असतात, फक्त आतला क्रॉसबारही बहुधा पूर्ण नसतो, थोडा विरळ केलेला असतो.

गटांमधली व्यवस्था म्हणजे ब्लॉकांच्या मधून जाणारे आडवे-उभे चॅनल. प्रत्येक चॅनलमध्ये ठरावीक तारा, जिथे दोन चॅनल एकमेकांना छेदतात तिथे स्विच ब्लॉक, आणि चॅनलमधून ब्लॉकमध्ये शिरायला कनेक्शन ब्लॉक. झायलिंक्स कंपनीची १९८५ ची पहिली एफपीजीए, एक्ससी२०६४, हिच्यातही ६४ च लॉजिक ब्लॉक होते, ८ बाय ८. तुम्ही निवडलेला आकडा त्यामुळे अगदी योग्य आहे.

तुमच्या ६४ ब्लॉकसाठी एक ढोबळ टाइल मांडू. चॅनलमध्ये १६ तारा, आठ एका दिशेने आणि आठ उलट दिशेने. प्रत्येक टाइलमधून चार दिशांना मिळून ३२ तारा सुरू होतात. प्रत्येक तारेच्या तोंडाशी चार-इनपुट मल्टिप्लेक्सर असतो: तीन बाजूंनी आलेल्या तारा आणि चौथं ब्लॉकचं स्वतःचं आउटपुट. त्याचे ६४ बिट. ब्लॉकच्या चार इनपुटांनी प्रत्येकी आठ तारांमधून एक निवडायची, त्याचे १२. सत्यसारणीचे १६ आणि फ्लिपफ्लॉप घ्यायचा की नाही याचा १. एकूण ९३ बिट, त्यातले ७६ तारांचे. सेलचं क्षेत्रफळ साधारण २,५०० चौरस मायक्रोमीटर येतं. सेल कधी शंभर टक्के दाटीने बसत नाहीत, साठ टक्के धरले तर एक टाइल सुमारे ४,००० ची आणि ६४ टाइल पाव चौरस मिलिमीटरच्या आसपास. हजार ब्लॉकला नेताना चॅनल दुप्पट रुंद धरला तरी सेलचं क्षेत्रफळ साडेचार चौरस मिलिमीटरच्या घरात राहतं. क्रॉसबारला ३१ लागत होते.

चॅनल दुप्पट का धरला? कारण सर्किट मोठं होतं तसं त्याला दर ब्लॉकमागे तारा जास्त लागतात. आयबीएममध्ये १९६० च्या सुमारास ई. एफ. रेंट यांना हे दिसलं होतं: एका गटातून बाहेर जाणाऱ्या तारांची संख्या गटातल्या गेटच्या संख्येच्या कुठल्यातरी घातांकाने वाढते. सर्वसाधारण लॉजिकसाठी हा घातांक अर्ध्यापासून पाऊणपर्यंत सापडतो. तो अर्ध्याच्या वर असेल तर ॲरे वाढवताना चॅनलही रुंद करावा लागतो, नाहीतर ब्लॉक रिकामे पडून राहतात आणि तारा संपतात. म्हणून ६४ ब्लॉकची टाइल तशीच उचलून हजार वेळा छापली की काम झालं, असं होत नाही. घातांक किती घ्यायचा हे तुम्ही चिपवर काय चालवणार यावर अवलंबून आहे. नुसते काउंटर आणि शिफ्ट रजिस्टर असतील तर थोड्या तारा पुरतात, कारण त्यांचे शेजारी ठरलेले असतात. कंट्रोल लॉजिक किंवा एन्क्रिप्शनसारखं काही असेल तर ते सगळीकडे हात पसरतं.

दुसरा प्रश्न तारेच्या लांबीचा. प्रत्येक टाइलला संपणारी तार लवचीक असते, पण दर टप्प्यावर मल्टिप्लेक्सरचा विलंब मोजावा लागतो. साधी एसटी प्रत्येक फाट्यावर थांबते आणि जलद गाडी थेट तालुक्याला लागते, तसंच इथे काही तारा एका टाइलच्या आणि काही चार टाइल ओलांडून जाणाऱ्या ठेवाव्या लागतात. ८ बाय ८ मध्ये मी सगळ्या तारा एका टाइलच्या ठेवीन. ३२ बाय ३२ मध्ये बहुतेक चारच्या ठेवीन.

स्विच ब्लॉकवर थोडा जास्त वेळ द्या, कारण विद्यार्थी इथेच हमखास अडकतात. सगळ्यात सोपी रचना अशी सुचते: १ नंबरची तार पुढे, डावीकडे, उजवीकडे १ नंबरलाच जोडायची, २ नंबरची २ लाच. काढायला सोपी, कोड लिहायला सोपी. पण ३ नंबरवर चढलेला सिग्नल मग शेवटपर्यंत ३ नंबरवरच राहतो. वाटेत एका जागी ३ नंबर दुसऱ्या सिग्नलने घेतली असेल तर बाजूच्या ५ नंबरच्या तारेवर जागा असूनही तिकडे जाता येत नाही. चॅनल निम्मा रिकामा असताना राउटिंग, म्हणजे सिग्नलना तारा नेमून देणं, अपयशी होतं आणि आपल्याला कळत नाही की का. विल्टन नावाने ओळखली जाणारी रचना वळणावर तारेचा नंबर बदलते. तेवढेच स्विच, तेवढेच बिट, पण सिग्नलला नंबर बदलायची संधी मिळते. त्याच चॅनलमध्ये जास्त सर्किटं बसतात. जास्तीचा एक पैसा न घालता मिळणारी सुधारणा या विषयात फार थोड्या ठिकाणी आहे, त्यातली ही एक. कागदावर चार तारांचा स्विच ब्लॉक दोन्ही पद्धतींनी काढा आणि एक सिग्नल तीन वळणं घेऊन नेऊन बघा, लगेच लक्षात येईल.

आणखी एक निर्णय आधीच घ्या: तारा एकाच दिशेने वाहणाऱ्या ठेवा आणि प्रत्येक तारेला एकच ड्रायव्हर (तारेवर सिग्नल ढकलणारं सर्किट) द्या. जुन्या पुस्तकांत पास ट्रान्झिस्टरने, म्हणजे नुसता स्विच म्हणून वापरलेल्या ट्रान्झिस्टरने, दोन तारा दोन्ही दिशांनी जोडलेल्या दिसतील. त्यात अडचणी दोन. नुसत्या एन-मॉस पास ट्रान्झिस्टरमधून "१" पूर्ण व्होल्टेजने पलीकडे पोहोचत नाही, आणि मध्ये बफर न घालता असे ट्रान्झिस्टर एकामागे एक लावले की विलंब संख्येच्या वर्गाने वाढतो. मल्टिप्लेक्सर आणि बफर वापरले की हे दोन्ही टळतात. शिवाय कॉन्फिगरेशन बिट चुकीचे पडले तरी एका तारेवर दोन ड्रायव्हर भांडत नाहीत, त्यामुळे चिप तापत नाही. पहिल्यांदा करणाऱ्यासाठी हे फार मोलाचं आहे.

आता साधनं. तुम्हाला महागड्या लायसन्सची या टप्प्यावर गरज नाही. टोरोंटो विद्यापीठात सुरू झालेलं व्हीपीआर हे साधन फुकट आहे आणि ते नेमकं याच कामासाठी बनलं आहे. तुम्ही चिपचं वर्णन एका फाइलमध्ये लिहायचं: ब्लॉक कसा, चॅनल कसा, स्विच ब्लॉक विल्टन की साधा, तारा किती लांब. योसिस या दुसऱ्या खुल्या साधनाने व्हेरिलॉगचं, म्हणजे सर्किट लिहायच्या भाषेतल्या कोडचं, लुकअप टेबलांत रूपांतर करायचं. मग व्हीपीआर तुमचं सर्किट तुमच्या त्या न बनलेल्या चिपवर बसवून दाखवतं आणि कमीत कमी किती तारांच्या चॅनलमध्ये ते बसलं तेही सांगतं. तुमच्या आकाराच्या सर्किटांना साधा लॅपटॉप पुरतो. गावात रात्री लाइट गेली तरी बॅटरीवर काम आटोपतं.

ते राउटिंग कसं करतं हे मात्र समजून घ्या. त्यामागची पद्धत, पाथफाइंडर, १९९५ च्या सुमाराची आहे. पहिल्या फेरीत सगळ्या सिग्नलना आपापला स्वस्त रस्ता घेऊ देतात, एका तारेवर तीन-तीन आले तरी चालतं. मग जिथे गर्दी झाली त्या तारांची किंमत वाढवतात आणि पुन्हा फेरी घेतात. वारंवार गर्दी होणाऱ्या तारेची किंमत आधीच्या फेऱ्यांच्या हिशोबानेही चढत जाते. ज्याला दुसरा रस्ता आहे तो हळूहळू बाजूला होतो आणि ज्याला पर्यायच नाही त्याला ती तार मिळते. फेऱ्या वाढूनही गर्दी एकाच भागात अडून राहत असेल तर समजा, तुमच्या रचनेत तिथे तारा किंवा स्विच कमी आहेत. राउटरला दोष न देता नकाशा बदला.

माझी पद्धत सांगतो. चिपवर जी सर्किटं चालवायची त्यांची यादी आधी करतो. तुमच्या बाबतीत आठ बिटांचा काउंटर, सिरियल ट्रान्समीटर, एक छोटा फिल्टर आणि तुमचं फेजचं सर्किट. प्रत्येकाची किमान चॅनल रुंदी काढतो, त्यातली सर्वांत मोठी घेतो आणि वर साधारण तीस टक्के मोकळीक ठेवतो. मग स्विच ब्लॉक बदलून पुन्हा, इनपुटला दिसणाऱ्या तारांचं प्रमाण बदलून पुन्हा, असं एका वेळी एकच गोष्ट बदलत जातो. हे तक्ते तयार झाले की निम्मा प्रोजेक्ट झाला. ते झाल्याशिवाय चिपच्या व्हेरिलॉगला हात लावू नका.

फेजच्या सर्किटबद्दल सरळ सांगतो: शेतकऱ्याला पंप वाचवायला बाजारातला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की पंप बंद करणारं उपकरण) पुरतो, त्यासाठी चिप बनवायची गरज नाही. पण चाचणीसाठी हे उदाहरण उत्तम आहे. ५० हर्ट्झला एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं आणि दोन फेजमधलं अंतर ६.६७ मिलिसेकंदांचं. १० किलोहर्ट्झच्या क्लॉकने मोजलं तर ते सुमारे ६७ मोजण्यांचं होतं. आठ बिटांचा काउंटर पुरतो. तीन स्वतंत्र काउंटर घेतलेत तर ६४ ब्लॉक अपुरे पडू लागतील. एकच काउंटर आळीपाळीने वापरा आणि किती ब्लॉक लागले ते योसिसमध्ये मोजून बघा.

एवढं झालं की प्रत्यक्ष चिपचा कोड. सगळं हाताने लिहायची गरज नाही, मँचेस्टर विद्यापीठाचं फॅब्युलस आणि युटाहचं ओपनएफपीजीए ही दोन्ही खुली साधनं वर्णनावरून कोड तयार करून देतात. मी मात्र शिकणाऱ्याला एक टाइल हाताने लिहायला सांगतो आणि मग साधन वापरायला देतो. इथे दोन खड्डे आहेत. पहिला: बिट न भरलेल्या चिपमध्ये मल्टिप्लेक्सरच्या साखळ्या फिरून स्वतःलाच येऊन मिळतात. टायमिंग तपासणारं सॉफ्टवेअर अशा शेकडो कॉम्बिनेशनल लूपची तक्रार करतं. त्या प्रत्यक्ष वापरात बंद राहतील, पण सॉफ्टवेअरला ते माहीत नसतं, त्यामुळे कोणते मार्ग मोजायचे नाहीत हे तुम्हालाच लिहून द्यावं लागतं. दुसरा: वीज आल्यावर बिट भरेपर्यंत लॅचमध्ये काय असेल याचा भरवसा नसतो. त्या काळात वर सांगितलेल्या लूप खरोखर दोलन करू शकतात. म्हणून सगळी आउटपुटं बंद ठेवणारा, अख्ख्या चिपला लागू होणारा एक सिग्नल ठेवा, आणि बिटस्ट्रीमची सीआरसी (बिट बरोबर आले का हे तपासणारी बेरीज) जुळल्यावरच तो सोडा. लॅचमधली माहिती वीज गेली की जाते, त्यामुळे बाहेर एक छोटी फ्लॅश मेमरी लागेलच.

"मोठी चिप" म्हणताना तुमच्या मनात हजार ब्लॉक आहेत, पण बदलत्या जोडण्यांचा आणखी एक उपयोग आहे जो खऱ्या अर्थाने मोठ्या चिपला लागतो. क्षेत्रफळ वाढलं की दोष नसलेली चिप मिळण्याची शक्यता झपाट्याने घसरते. उदाहरणादाखल चौरस सेंटिमीटरला ०.१ दोष धरा. साध्या सूत्राने आठ चौरस सेंटिमीटरच्या चिप सुमारे ४५ टक्के चांगल्या निघतील, पण अख्ख्या वेफरएवढी (ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप बनतात तिच्याएवढी) निर्दोष चिप व्यवहारात एकही निघणार नाही. सेरेब्रास कंपनीने २०१९ मध्ये ४६,२२५ चौरस मिलिमीटरची, ४ लाख कोरची चिप आणली ती जास्तीचे कोर आणि दोष वळसा घालून टाळणाऱ्या जोडण्या ठेवूनच. त्याआधी अमेरिकेतल्या एमआयटी लिंकन प्रयोगशाळेत लेसरने वेफरवरच्या जोडण्या जोडून-तोडून हाच प्रश्न सोडवण्याचं काम झालं होतं. तुमच्या ॲरेत एक जास्तीचा स्तंभ ठेवून एखादा ब्लॉक मेला असं मानून राउटिंग करून दाखवलंत, तर तो प्रोजेक्टचा स्वतंत्र भाग होऊ शकेल.

सर लवचीकतेची किंमत विचारतील, तेव्हा हा आकडा जवळ ठेवा: टोरोंटोच्या कुऑन आणि रोझ यांनी २००७ मध्ये मांडलेल्या तुलनेत, फक्त लुकअप टेबलं वापरणारी एफपीजीए त्याच कामाच्या पक्क्या चिपपेक्षा सुमारे ३५ पट जागा घेते, तीन ते चार पट हळू चालते आणि चालताना सुमारे १४ पट वीज खाते. यातला मोठा वाटा तारांचाच.

राहिला बनवून घेण्याचा प्रश्न. ते कॉलेजवर आणि पैशावर अवलंबून आहे. टायनी टेपआउटसारख्या सामायिक उपक्रमात, जिथे अनेकांची डिझाइनं एकाच चिपवर बनतात, एक घर साधारण १६० बाय १०० मायक्रोमीटरचं, म्हणजे आपल्या हिशोबाने त्यात तीन-चार टाइल मावतील. २ बाय २ ची चिप त्यात बसवून पाहता येईल, ६४ साठी बरीच घरं घ्यावी लागतील. दुसरा मार्ग केंद्र सरकारच्या चिप्स टू स्टार्टअप कार्यक्रमाचा. त्यातल्या संस्थांना डिझाइन सॉफ्टवेअर सी-डॅकमधल्या चिपइन केंद्रातून मिळतं आणि विद्यार्थ्यांच्या चिप मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर बनतात. तुमचं कॉलेज त्यात आहे का हे सरांना विचारा. नसेल तर यवतमाळ, अमरावती, नागपूरकडच्या कोणत्या संस्था आहेत ते बघून त्यांच्या विभागप्रमुखांना सरांमार्फत पत्र लिहा. खुल्या लायब्ररीच्या फाइली बऱ्याच मोठ्या असतात. गावच्या नेटवर डाउनलोड मध्येच तुटतं, त्यामुळे शहरात गेलात की पेनड्राइव्हवर एकदाच सगळं आणा.

सरांकडे जाताना मात्र आधी व्हीपीआरचा एक तक्ता घेऊन जा: चार सर्किटं, साधा आणि विल्टन असे दोन स्विच ब्लॉक, आणि प्रत्येकाची किमान चॅनल रुंदी. तो तयार झाला की इथे टाका. वर्णनाची फाइलही सोबत जोडा, म्हणजे इनपुटला किती तारा दाखवायच्या यावर नेमकं बोलता येईल.